रेस सोडली तरी गाडी खाली येत नाही: जुन्या टू-स्ट्रोकची हवागळती कशी पकडायची

प्रश्न थोडक्यात असा आला आहे. गाडी १९९९ ची यामाहा आरएक्स १३५, दिवे-मडगार्ड उतरवून मातीच्या ट्रॅकसाठी तयार केलेली. ऑईल पंप काढून टाकलाय, ऑईल थेट पेट्रोलमध्ये मिसळतात. रेस सोडली की इंजिन लगेच खाली येत नाही, चार-पाच सेकंद ओरडत राहतं आणि मग उतरतं, कधी कधी उतरतच नाही. प्लग पांढरा फटक. मागच्या मोसमात दोन पिस्टन धरले, म्हणजे तापून ब्लॉकमध्ये जाम झाले, दोन्ही वेळा लांब सरळीच्या शेवटी, वळणासाठी रेस सोडल्यावर. एका गॅरेजमध्ये मेन जेट (कार्बोरेटरमधलं पूर्ण रेसला पेट्रोल मोजून देणारं भोक) दोन नंबरने वाढवून दिला, दुसरीकडे "कार्बोरेटर गेलाय, नवा टाका" असं सांगितलं. शेवटचं वाक्य: "काका, नवा कार्बोरेटर घेऊ की इंजिन उघडू?"

आत्ता दोन्ही नको. कार्बोरेटर बदलू नकोस आणि इंजिनही फोडू नकोस. तू जे लिहिलंयस त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू सहज लिहून गेलायस: पिस्टन दोन्ही वेळा रेस *सोडल्यावर* धरला. मेन जेट लहान असता तर गाडी पूर्ण रेसवर असताना, सरळीच्या मध्यावरच धरली असती. रेस बंद केल्यावर धरते म्हणजे स्लाईड, म्हणजे कार्बोरेटरमधलं रेसबरोबर वर-खाली होणारं दार, खाली बसल्यानंतरही इंजिनला कुठून तरी हवा मिळते आहे, आणि त्या हवेबरोबर ना पेट्रोल येतंय ना ऑईल. आमच्याकडे याला साध्या भाषेत "गाडी एअर ओढतेय" म्हणतात.

हे का होतं ते आधी नीट समजून घे, कारण एकदा ते कळलं की पुढची तपासणी तुझी तुलाच सुचेल. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे ऑईल ठेवायची जागा. तिथल्या सीलमधून चार थेंब गळले तर फरशी घाण होते, एवढंच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा भाता आहे. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते, इनटेकमधल्या रीडच्या पातळ पाकळ्या उघडतात आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल-ऑईल आत येतं. पिस्टन खाली आला की तोच माल दाबला जातो आणि ब्लॉकमधल्या ट्रान्सफर पोर्ट नावाच्या वाटांमधून वर जातो. आठ हजार आरपीएमला हा भाता सेकंदाला १३३ वेळा उघडतो आणि मिटतो. लोहाराच्या भात्याच्या कातड्याला भोक पडलं तर काय होईल? ओढताना भलत्याच जागेतून हवा येईल आणि दाबताना तिथूनच जाईल. तुझ्या इंजिनात तेच चाललंय.

आता गंमत बघ. पूर्ण रेसला कार्बोरेटरचं तोंड सताड उघडं असतं, तेव्हा एवढ्याशा भोकातून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने किरकोळ असते. स्लोला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, मात्र स्लाईडखाली नखाएवढीच फट असते, आणि सुईच्या टोकाएवढी गळतीसुद्धा तिथे मोठी वाटेकरी होते. म्हणून हवागळतीचा त्रास नेहमी स्लोला आणि रेस सोडल्यावर आधी दिसतो. मेन जेटचं काम मात्र पाऊण रेसच्या पुढे. म्हणजे तुला मेन जेट वाढवून दिला तो दुखत होतं पायाला आणि पट्टी बांधली डोक्याला असा प्रकार झाला. वर गाडी जास्त पेट्रोल पिऊन फडफडणार आणि खाली तशीच कोरडी, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी, चालणार. तुझी गाडी टॉपला आता पूर्वीपेक्षा मंद वाटत असेल तर कारण हेच.

ऑईल पेट्रोलमध्ये मिसळून चालवणाऱ्या गाडीला याचा दुहेरी मार बसतो. मिश्रण कोरडं झालं की जळण्याची उष्णता पिस्टनवर येतेच, शिवाय पेट्रोल कमी आलं म्हणजे ऑईलही त्याच प्रमाणात कमी आलं. सरळीत इंजिन कडक तापलेलं, आरपीएम वर, आणि तू रेस सोडलीस. कार्बोरेटरमधून माल बंद, गळतीतून कोरडी हवा चालू. पिस्टन तिथे नाही धरणार तर कुठे धरणार?

तरीही गळतीवर शिक्का मारण्याआधी दहा मिनिटांच्या काही गोष्टी तपास. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरव. रेस वाढली तर केबल ओढली जातेय, विषय संपला. मातीच्या गाड्यांत हँडलबार उंच टाकलेला असतो आणि केबल मूळची आखूड राहते, हे मी किती वेळा पाहिलंय याची मोजदाद नाही. स्लाईड हाताने वर करून सोड, टक् आवाज करून खाली बसली पाहिजे. लाल माती आत गेली असेल तर ती घसटत बसते. पायलट जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारं बारीक जेट, उजेडात धरून बघ, त्यातून गोल उजेड दिसला पाहिजे. तोही स्वच्छ असेल तर गाडी गरम करून रेस अडकलेली असताना चोक थोडा ओढ. चोक ओढल्यावर इंजिन शहाण्यासारखं खाली आलं तर मिश्रण कोरडं आहे हे नक्की झालं. का कोरडं आहे हे अजून कळलेलं नाही.

जुन्या मिस्त्र्यांची एक युक्ती आहे. फिल्टर काढून, गाडी स्लोला चालू असताना कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबायचा. घट्ट इंजिन एक-दोन फेऱ्यांत गुदमरून बंद पडतं. तळहाताखाली तोंड पूर्ण बंद असूनही गाडी चार-पाच सेकंद धडपडत राहिली, किंवा उलट रेस वाढली, तर ती दुसऱ्या नाकाने श्वास घेतेय. ही चाचणी ढोबळ आहे, बारीक गळती यात सापडत नाही.

फवारा मारून गळती शोधायचीही एक पद्धत आहे आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. चालू इंजिनवर सांध्यासांध्यांवर कार्बोरेटर क्लीनर मारायचा, आरपीएम बदलला की गळती तिथे. पद्धत चूक नाही, पण तिच्यावर विसंबू नकोस. एकतर फवारा वाऱ्याने फिल्टरकडे गेला तरी आरपीएम बदलतो आणि तू भलताच सांधा उघडून बसतोस. दुसरं, क्लच बाजूचं सील कव्हरच्या आत असतं, तिथे फवारा पोचतच नाही. आणि काही गॅरेजांत बाटलीच्या झाकणाला भोक पाडून गरम ब्लॉकवर पेट्रोल शिंपडतात, ते कुणी सांगितलं तरी करू नकोस. प्लगच्या टोपीतून एक ठिणगी बाहेर उडाली तर गाडीही जाईल आणि भुवयाही.

खरा निकाल लागतो तो प्रेशर टेस्टवर. इंजिन गाडीतच ठेवून, बंद असताना, सगळी तोंडं बुजवून आत थोडी हवा भरायची आणि ती टिकते का बघायचं. परदेशी डर्ट बाईकवाले यासाठी तयार किट विकत घेतात. आपल्याकडे घरात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जुनं, काट्याचं, फुगा दाबून चालवायचं बीपीचं यंत्र पडलेलं असतंच. इलेक्ट्रॉनिक नको, काट्याचंच हवं. या चाचणीला सहा पीएसआयच्या आसपास दाब लागतो आणि बीपीच्या काट्याची पट्टी ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असते, म्हणजे साधारण ५.८ पीएसआय. जणू याच कामासाठी केलंय. दंडाला बांधायचा पट्टा काढ, फुग्याची नळी आणि काट्याची नळी एका टी-जोडाने एकत्र कर, तिसरं तोंड इंजिनकडे जाऊ दे. कंप्रेसरची हवा चुकूनही लावू नकोस. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरला शंभर पीएसआयच्या वर दाब असतो, ऑईल सील जागेवरून उडून बाहेर येईल. हाताच्या फुग्याने तो धोका नाही.

बुचं घरी बनतात. जाड रबराचा गोल तुकडा, मधून बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर. नट आवळला की रबर फुगतं आणि तोंड घट्ट बसतं. सायलेन्सर उतरव आणि असं एक बूच एक्झॉस्टच्या तोंडात बसव. बसवण्याआधी पोर्टमधला कार्बन खरवडून काढ, नाहीतर रबराच्या कडेनेच हवा जाईल आणि तू इंजिनला दोष देशील. कार्बोरेटर काढ, पण मॅनिफोल्डचं रबर, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणारी रबरी नळी, मात्र काढू नकोस, कारण तेच पहिलं संशयित आहे. त्या रबरात बसेल असं नायलॉनचं बूच लेथवाल्याकडून करून घे. त्याला आरपार भोक आणि त्यात ट्यूबचा जुना व्हॉल्व्ह, आतली पिन काढलेला. कार्बोरेटरचाच क्लॅम्प त्यावर आवळ.

तुझ्या गाडीत इथेच थांबून एक गोष्ट बघायची आहे. ऑईल पंप काढलायस, तर त्याची बारीक नळी ज्या निपलला जोडलेली होती ते निपल कशाने बंद केलंय? मी पाहिलेल्या गाड्यांपैकी काहींत ते चक्क उघडं होतं, एकात काडेपेटीची काडी खोचली होती, एकात एम-सीलची गोळी होती जी पेट्रोलने मऊ झाली होती. दिसायला क्षुल्लक, पण स्लोला इंजिन बिघडवायला तेवढं भोक पुरतं. कुणी बाहेरून बूस्ट बाटली (इनटेकला नळीने जोडलेली छोटी रिकामी बाटली) लावली असेल तर तिची रबरी नळीही याच यादीत धर.

आता एक बारीक गोष्ट, जी न कळल्यामुळे लोक चाचणी करूनही फसतात. ही रीड वाल्व्हची गाडी आहे. रीड म्हणजे एका बाजूनेच उघडणारं दार, हवा कार्बोरेटरकडून आत जाऊ देतं, उलटी येऊ देत नाही. त्यामुळे दाब देताना हवा नेहमी *इनटेकच्या बाजूने* भरायची. पाकळ्या उघडून ती क्रँककेसमध्ये जाते आणि मॅनिफोल्डसकट सगळं तपासलं जातं. तीच हवा एक्झॉस्टच्या बाजूने भरलीस तर पाकळ्या मिटतात, मॅनिफोल्डपर्यंत दाब पोचतच नाही आणि फाटकं रबर पास होऊन जातं. पोकळी लावून तपासायचं असेल तर नेमकं उलटं, ओढायचं एक्झॉस्टच्या बाजूने.

पिस्टन अगदी खाली आण, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतील आणि वरचा ब्लॉक, हेड, प्लग सगळं एकाच चाचणीत येईल. प्लग घट्ट लाव. आधी फक्त नळ्या आणि फुगा तपास, टोक अंगठ्याने दाबून काटा स्थिर राहतो का बघ. बीपीच्या यंत्राची रबरं जुनी असतात, निम्म्या वेळा गळती त्यांच्यातच असते. मग इंजिनला जोड आणि हळूहळू २५० ते ३०० पर्यंत भर. फुग्याचा स्क्रू बंद कर आणि घड्याळ लाव.

घट्ट इंजिनात काटा पाच मिनिटांनीही जेमतेम हललेला असतो. मिनिटाला ५० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण एक पीएसआय, उतरत असेल तर रोजच्या गाडीला मी ते चालवून घेईन, ट्रॅकच्या गाडीला नाही. तुझ्या वर्णनावरून मला वाटतं तुझा काटा फुगा सोडताच घसरेल, शंभरच्या खाली यायला मिनिटही लागणार नाही. तसं झालं तर आनंद मान. मोठी गळती शोधायला सोपी असते.

भांड्याचा साबण पाण्यात कालवून फवाऱ्याच्या बाटलीत भर. रेडिओ बंद, पंखा बंद, कारण कानही लागणार आहे. सुरुवात मॅनिफोल्डच्या रबरापासून कर. नुसतं बघून समाधान मानू नकोस, बोटाने वाकवून बघ. या रबराला वरून भेगा असतात पण त्या आतपर्यंत गेलेल्या असतीलच असं नाही, आणि कधी रबर वरून नवं दिसतं पण आतल्या धातूच्या पट्टीपासून सुटलेलं असतं. साबणाचा फेस खोटं बोलत नाही. मग रीडच्या पेटीचं पॅकिंग, ब्लॉकखालचं पॅकिंग, हेड, प्लगचा तळ, एक्झॉस्टच्या बुचाची कड. ब्लॉकखालच्या पॅकिंगकडे दोन्ही बाजूंनी बघ. मागची बाजू मॅनिफोल्डखाली लपते आणि लोक ती सोडून देतात. काही इंजिनांत रीडच्या पेटीचे बोल्ट आरपार आत जातात आणि हवा आट्यांमधून येते. बोल्टच्या डोक्याभोवती बुडबुडे आले तर पॅकिंग बदलून काही उपयोग नाही, आट्यांना सीलंट लागेल.

बाहेर कुठेच बुडबुडा नाही आणि काटा उतरतोय, तर आता उरली क्रँकची दोन सीलं आणि केसचा मधला सांधा. डाव्या बाजूचं मॅग्नेटचं, म्हणजे क्रँकच्या टोकावर फिरणाऱ्या चुंबकी चाकाचं, कव्हर काढ. शक्यतो पुलर लावून मॅग्नेटही उतरव. हातोड्याने ठोकून मॅग्नेट काढणाऱ्याला मी गॅरेजमध्ये उभा करत नाही, क्रँक तिथेच वाकतो. कॉइलमागे क्रँकच्या दांड्याभोवती साबणपाणी सोड. चांगलं सील शांत बसून राहतं. गेलेल्या सीलच्या ओठाभोवती बारीक फेस गोळा होत राहतो. दाब असताना क्रँक हाताने सावकाश एक फेरी फिरव. काटा वर-खाली होईल, त्याने घाबरू नकोस, आतली जागा कमी-जास्त होते म्हणून ते होतं. पण एखाद्या ठरावीक कोनात फेस एकदम वाढला तर त्या जागी दांड्यावर चरा पडलाय, किंवा क्रँक डगडगतोय.

उजव्या बाजूचं, क्लचकडचं सील डोळ्यांनी दिसत नाही, पण ते स्वतःच खुणा सोडतं. तिथे पलीकडे हवा नाही, गिअर ऑईल आहे. ते सील गेलं की पिस्टन वर जाताना गिअर ऑईल आत ओढलं जातं. मागून दाट पांढरा धूर, ऑईलची पातळी दर आठवड्याला खाली, प्लग पांढरा नाही तर काळा ओला. आणि पिस्टन खाली येताना पेट्रोलचा माल गिअरबॉक्समध्ये ढकलला जातो, म्हणून ऑईल भरायचं बूच उघडून वास घेतला तर पेट्रोल दरवळतं. चाचणीत ते पकडायला ऑईलच्या बुचाच्या भोकावर साबणाची पातळ पापुद्री पसरव. दाब दिल्यावर ती फुगली तर उजवं सील किंवा आतला सांधा गळतोय. तुझा प्लग पांढरा आहे आणि धुराचा उल्लेख नाही, म्हणून माझा पहिला संशय डाव्या सीलवर, दुसरा मॅनिफोल्ड आणि त्या निपलवर. उजव्यावर मी पैज लावणार नाही.

दाबात पास झालेलं सील पोकळीत नापास होऊ शकतं, हे लक्षात ठेव. सीलच्या ओठामागे छोटी स्प्रिंग असते. आतून दाब आला की ओठ दांड्यावर आणखी घट्ट बसतो, आतून ओढ लागली की तो सुटू बघतो. चालत्या इंजिनात दोन्ही आळीपाळीने होतं. त्यामुळे काटा स्थिर राहिला तरी लक्षणं जात नसतील तर हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप कुणाकडून माग आणि एक्झॉस्टच्या बाजूने सहा इंच पाऱ्याएवढी पोकळी लावून बघ. यासाठी बीपीचा काटा चालत नाही, तो उलट्या बाजूला वाचत नाही.

चाचणी थंड इंजिनवरही कर आणि ट्रॅकवरून आल्या आल्या गरमवरही. गरमवर हात भाजतात, पण केसचा मधला सांधा आणि कडक झालेली सीलं तापल्यावरच तोंड उघडतात.

माझी एक फजिती सांगतो, म्हणजे तू ती करणार नाहीस. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पोराची शोगन, तीही टू-स्ट्रोकच, माझ्याकडे होती, अगदी तुझ्यासारखंच दुखणं. डावं सील गेलं होतं, मी नवं टाकलं, तो खूश होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. मी म्हटलं सील तर नवं आहे, म्हणजे कार्बोरेटरच असणार. पंधरा दिवस मी जेट आणि सुया बदलत बसलो. शेवटी सील काढून भिंगाखाली धरलं तर ओठाला वस्तऱ्याने कापल्यासारखी चीर. क्रँकच्या दांड्यावर मॅग्नेटच्या चावीचा जो खाचा असतो, त्याच्या धारेवरून मी सील सरकवलं होतं. तेव्हापासून त्या खाच्यावर पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळल्याशिवाय आणि ओठाला ग्रीस लावल्याशिवाय मी सील सरकवत नाही, आणि नवं सील टाकलं तरी दाबाची चाचणी पुन्हा केल्याशिवाय गाडी देत नाही. "नवं टाकलंय" हा पुरावा नसतो.

आता दुरुस्ती. मॅनिफोल्ड निघालं तर नवं रबर घाल, ट्यूबचे तुकडे गुंडाळून किंवा फेविक्विकने सांधून मातीवर जाऊ नकोस. पॅकिंग निघालं तर जुनं खरवडून दोन्ही चेहरे स्वच्छ कर, मॅनिफोल्डचा आणि रीडच्या पेटीचा चेहरा जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासून घे. सिलिकॉनचे लाल-काळे बाँड पेट्रोलमध्ये टिकत नाहीत, फुगून सुटतात आणि त्यांचे तुकडे आत जातात. पेट्रोल सहन करणारं, न कडकणारं सीलंट वापर, तेही बोटाने पुसल्यासारखं पातळ.

डावं सील निघालं तर ते काढण्याआधी क्रँकचा दांडा हातात धरून वर-खाली हलवून बघ. हाताला खेळ जाणवला तर मेन बेअरिंग गेलंय, आणि तिथे नवं सील टाकणं म्हणजे गळक्या कौलाखाली नवी सतरंजी अंथरणं. महिनाभरात पुन्हा हेच. मग मात्र इंजिन उघडायलाच हवं, आणि उघडलंच आहे तर दोन्ही बेअरिंग, दोन्ही सीलं एकदम टाक. बेअरिंग घट्ट असेल तर सील बाहेरून ओढून निघतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना सील बसतं त्या खोबणीच्या भिंतीला चरा पाडू नकोस, तो चरा म्हणजे नवी गळती. दांड्यावर जुन्या ओठाने गोल खाच पाडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने ती गुळगुळीत कर आणि नवं सील जागा असेल तर किंचित कमी खोल बसव, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर चालेल. सीलची स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. क्लचकडचं सील काढायची वेळ आली तर आधी बघ की त्याला बाहेरून उंच कड आहे का. काही इंजिनांत ही कड केसच्या दोन अर्ध्यांमध्ये अडकवलेली असते आणि केस फोडल्याशिवाय ते निघत नाही. तिथे जबरदस्ती करून केसचं घर फोडलेली इंजिनं माझ्याकडे भंगारात पडली आहेत.

पेट्रोलबद्दलही बोलायला हवं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. १९९९ च्या गाडीची रबरं या पेट्रोलसाठी बनलेली नाहीत. इथेनॉलने जुनं रबर आधी फुगतं, मग सुकलं की कडक होऊन तडकतं, आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे जास्त होतं. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पूर्वीपेक्षा थोडं कोरडंच पडतं. म्हणून गळती बंद झाल्यावर पायलट आणि मेन जेटचा नव्याने विचार करावा लागेल हे खरं. पण तो नंतर. मोसम संपला की टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून ठेवत जा.

एक शक्यता राहिली, आणि ती प्रेशर टेस्टमध्ये सापडणार नाही, कारण चाचणीच्या वेळी कार्बोरेटर बाकावर असतो. इंजिन दोन्ही चाचण्यांत घट्ट निघालं, केबल ठीक, पायलट स्वच्छ, आणि तरीही रेस अडकते, तर स्लाईड कार्बोरेटरच्या घरात किती हलते ते बघ. वीस-पंचवीस वर्षं माती खाल्लेल्या कार्बोरेटरमध्ये स्लाईड आणि घर दोन्ही झिजतात, आणि बंद स्लाईडच्या कडेने हवा जाते. तेव्हा नवा कार्बोरेटर घे. म्हणजे दुसऱ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं कदाचित बरोबर निघेलही, पण त्याने ते न तपासता सांगितलं.

सगळं घट्ट झालं की मेन जेट मूळ नंबरवर आण, नाहीतर आता गाडी पेट्रोलने गुदमरेल. एअर स्क्रू आत नेला की मिश्रण दाट, बाहेर काढला की कोरडं. गरम गाडीवर, स्लो जिथे सगळ्यात चढा आणि स्थिर मिळेल तिथे तो ठेव आणि मग स्लाईडच्या स्क्रूने स्लो खाली आण. ऑईल पहिल्या दोन टाक्या लिटरला ४० मिली. दोनदा धरलेल्या ब्लॉकला पिस्टन टाकण्याआधी बोअर मोजून घे. ॲल्युमिनियम चिकटलेलं तसंच ठेवून नुसत्या रिंगा बदलल्या असतील तर तिसरा पिस्टनही जाईल. पहिल्या सत्रात लांब सरळीवर रेस सोडताना क्लच दाबून ठेव, सवय म्हणून.

चाचणी केलीस की मला तीन गोष्टी लिही: काटा किती आकड्यावर भरला, एका मिनिटात किती उतरला, आणि पहिला बुडबुडा कुठे आला. आणि त्या ऑईल पंपाच्या निपलमध्ये काय खोचलेलं निघालं, तेही.